यमदूताची चूक : परलोकाचा विनोद आणि दुखावलेल्या भावना

१/
यमराज, चित्रगुप्त आणि त्यांची वही यांवर कोणी विनोद केला की एक ठरावीक आक्षेप हजर होतो. देवाधर्माची थट्टा ही पाश्चात्त्यांची उसनवारी आहे. आपल्या परंपरेत मृत्यू आणि परलोक हे हसण्याचे विषय कधीच नव्हते. म्हणून असा विनोद ही धर्मनिंदा. हा आक्षेप मोठ्या आत्मविश्वासाने केला जातो. इतिहास मात्र त्याला साथ देत नाही. प्रस्तुत धागा त्या इतिहासाविषयी.

२/
सुरुवात सातव्या शतकात, कांचीच्या पल्लवांच्या राज्यात. या काळाशी जोडले जाणारे एक संस्कृत प्रहसन आहे : ‘भगवदज्जुकम्’. ‘भगवत्’ म्हणजे पूज्य संन्यासी. ‘अज्जुका’ हे गणिकेला आदराने हाक मारण्याचे संबोधन. संन्यासी आणि गणिका एकाच समासात बसवणारे हे नाव ऐकूनच त्या काळचा प्रेक्षक सावरून बसला असेल.

३/
मामंडूरच्या शिलालेखात या नाटकाचा उल्लेख ‘मत्तविलास’ या दुसऱ्या प्रहसनाच्या जोडीने येतो. ‘मत्तविलास’ हे पल्लव राजा महेंद्रवर्मन पहिला याचे. त्यामुळे ‘भगवदज्जुकम्’ही त्याचेच असे काही अभ्यासक मानतात, दुसरी परंपरा ते बोधायनाच्या नावे सांगते. कर्ता कोणीही असो, हा ग्रंथ परदेशातून आलेला नाही, एवढे दोन्ही पक्षांना मान्य आहे.

४/
कथानक असे. एक योगी आणि त्याचा शांडिल्य नावाचा शिष्य एका उद्यानात येतात. शांडिल्य अध्यात्मासाठी आलेला नाही, पोटासाठी आला आहे. आधी तो बौद्ध भिक्षूंमध्ये जाऊन पाहून आला. तिथे दिवसातून एकदाच जेवण मिळते हे कळल्यावर त्याने तो मार्ग सोडला. त्याच उद्यानात वसंतसेना नावाची गणिका आपल्या प्रियकराची वाट पाहत आहे.

५/
इतक्यात यमदूत येतो. त्याला वसंतसेनेचे प्राण न्यायचे आहेत. सर्पदंशाचे निमित्त होते, वसंतसेना कोसळते, दूत प्राण घेऊन निघून जातो. शांडिल्य रडू लागतो. शिष्याला योगसामर्थ्याचा प्रत्यय द्यावा म्हणून योगी आपला देह सोडून त्या गणिकेच्या देहात शिरतो. वसंतसेना उठून बसते आणि वेदान्त बोलू लागते.

६/
तिकडे यमलोकात दूताची खरडपट्टी निघालेली असते. आणायची होती ती वसंतसेना वेगळीच! नाव तेच, बाई दुसरी. दूत धावत परत येतो, तर देह आधीच व्यापलेला. आता करायचे काय? तो गणिकेचा जीव योग्याच्या रिकाम्या देहात ठेवून देतो. मग संन्यासी लाडिक बोलू लागतो, गणिका प्रियकराला दूर राहायला बजावते, आणि विष उतरवायला आलेल्या वैद्याची फजिती होते. शेवटी ज्याचा जीव त्याच्या देहात परततो.

७/
या एका नाटकात योगी, शिष्य, बौद्ध भिक्षू, वैद्य, यमदूत आणि यमाचा कारभार या सर्वांची थट्टा आहे. ते कुठे जपले गेले? केरळच्या कूडियाट्टम परंपरेत, म्हणजे मंदिराच्या आवारातील कूत्तंबलम या नाट्यगृहांमध्ये शतकानुशतके खेळल्या गेलेल्या संस्कृत रंगभूमीच्या परंपरेत. गाभाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर उभ्या असलेल्या या रंगमंचांनी यमदूताच्या चुकीला आपल्या भांडारात जागा दिली.

८/
आता तेरा शतके पुढे. १९७५ साली अमेरिकेतील रेमंड मूडी यांचे ‘लाइफ आफ्टर लाइफ’ हे पुस्तक आले आणि ‘मृत्युसमीप अनुभव’ ही संज्ञा जगभर रूढ झाली. ‘गेला’ असे सर्वांनी मानलेला माणूस शुद्धीवर येतो आणि आपण काय पाहिले ते सांगतो. कोणी प्रकाश पाहिलेला असतो, कोणी मृत आप्त, कोणी स्वतःचेच शरीर वरून पाहिलेले.

९/
भारतात या अनुभवांची पद्धतशीर नोंद घेणाऱ्यांमध्ये बंगळुरूच्या निम्हान्समधील सतवंत पसरिचा आणि व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसोपचारतज्ज्ञ इयन स्टीव्हन्सन यांचे नाव अग्रभागी आहे. १९८६ साली त्यांनी ‘जर्नल ऑफ नर्व्हस अँड मेंटल डिसीज’मध्ये १६ भारतीय प्रसंगांवर प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला.

१०/
त्या अहवालातील ठळक नमुना वाचून ‘भगवदज्जुकम्’चा वाचक चमकल्याशिवाय राहत नाही. माणसाला दूत येऊन नेतात. पुढे कोणीतरी वही किंवा कागद घेऊन बसलेला असतो. तो पाहतो आणि सांगतो की चुकीचा माणूस आणला आहे, याला परत सोडा. अमेरिकी अनुभवांत ‘तुझी वेळ अजून आलेली नाही’ असा निरोप भेटतो. भारतीय अनुभवांत कारकुनी चूक भेटते.

११/
त्यातला एक प्रसंग विशेष प्रसिद्ध आहे. आजारात मेला असे समजलेल्या एका विद्यार्थ्याला दोन दूत यमापुढे उभे करतात. यम दूतांवर संतापतो : याच नावाचा माळी आणायला सांगितले होते, आपली बाग सुकत चालली आहे, आणि तुम्ही हा विद्यार्थी उचलून आणलात! मुलगा शुद्धीवर येतो. त्या नावाचा माळी लवकरच मरण पावतो.

१२/
यमाच्या बागेला माळी हवा, हे वाक्य एखाद्या विनोदी कलावंताने रंगमंचावर उच्चारले असते तर त्याच्यावर तक्रार दाखल झाली असती. इथे ते मरणाच्या दारातून परतलेल्या एका श्रद्धावानाच्या कथनात आहे. त्याला कोणाची थट्टा करायची नव्हती. त्याने जे पाहिले असे त्याला वाटले, ते त्याने सांगितले.

१३/
येथेच आक्षेपकाची पहिली अडचण सुरू होते. एकच कथा एका ठिकाणी प्रहसन आहे आणि दुसऱ्या ठिकाणी साक्ष. यमाच्या कचेरीत गोंधळ होतो असे म्हणणे ही जर धर्मनिंदा असेल, तर पहिला आरोपी तो श्रद्धावान रुग्ण ठरतो. आणि रुग्ण निर्दोष असेल, तर तीच गोष्ट सांगणारा नट कोणत्या न्यायाने दोषी?

१४/
कोणी म्हणेल की हा भारतीय योगायोग असेल. तसे नाही. दुसऱ्या शतकातील ग्रीक भाषेतला उपहासकार लुशियन याच्या ‘असत्यप्रेमी’ या अर्थाच्या नावाच्या संवादात एक तत्त्वज्ञ आपला अनुभव मोठ्या गांभीर्याने सांगतो. ताप चढला असता एका तरुणाने त्याला पाताळात नेले. पाताळाचा राजा चिडला : याचे सूत अजून कातून व्हायचे आहे, त्या डेमिलस लोहाराला घेऊन या. तत्त्वज्ञ परतला आणि शेजारच्या लोहाराच्या घरातून लवकरच रडण्याचा आवाज आला.

१५/
लुशियनने ही कथा भोळसटपणाची टर उडवण्यासाठी लिहिली. परंतु सुमारे अडीच शतकांनी हीच कथा एका ख्रिस्ती धर्मशास्त्रज्ञाच्या ग्रंथात उगवते. संत ऑगस्टीन मृतांविषयीच्या आपल्या प्रबंधात हिप्पोजवळच्या कुर्मा नावाच्या नगरसभासदाची हकिकत देतो. हा कुर्मा अनेक दिवस निश्चेष्ट पडून होता. शुद्धीवर येताच म्हणाला, कुर्मा लोहाराच्या घरी कोणीतरी जाऊन पाहा. लोहार नुकताच मेलेला होता. बोलावणे त्याचे होते.

१६/
सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिला आपल्या ‘संवाद’ या ग्रंथात पुन्हा तेच सांगतो. स्टीफन नावाचा प्रतिष्ठित गृहस्थ मरतो आणि न्यायाधीशापुढे उभा राहतो. न्यायाधीश म्हणतो, हा नव्हे, स्टीफन लोहार. गृहस्थ परततो, लोहार मरतो. देवाच्या दरबारात चूक कशी होईल, ही शंका ग्रेगरीलाही सुचली. त्याचे उत्तर असे की ही चूक नसून माणसाला दिलेला इशारा आहे.

१७/
म्हणजे एक उपहासकार, एक संत आणि एक पोप. तिघांच्या लेखणीत कथा एकच. उपहासकाराच्या हातात ती हसवते, पोपच्या हातात पश्चात्तापाला प्रवृत्त करते. निंदा जर कथेत असती तर ती तिन्ही ठिकाणी सापडली असती. ती कथेत नाही. ‘यमाच्या वहीत चूक झाली’ या वाक्याने कोणताही धर्म विटाळत नाही, हे प्राचीन भूमध्य जगाने आणि प्राचीन भारताने स्वतंत्रपणे दाखवून ठेवले आहे.

१८/
आक्षेपक आता दुसरा मोर्चा उघडतो : श्रद्धावान माणूस देवाला चूक म्हणत नाही, विनोदकार म्हणतो. यावर उत्तर महाभारतातच आहे. आदिपर्वातील अणीमांडव्य ऋषी निरपराध असताना सुळावर चढवले जातात. ते धर्मराजाला, म्हणजे यमालाच, जाब विचारतात. लहानपणी तू किड्यांना काडीने टोचले होतेस, असे यम सांगतो.

१९/
ऋषी हे ऐकून हात जोडत नाहीत. एवढ्याशा अपराधाला एवढी शिक्षा दिलीस म्हणून ते यमालाच शाप देतात, आणि यमाला दासीच्या पोटी विदुर होऊन जन्म घ्यावा लागतो. शिवाय चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे कृत्य पाप गणले जाणार नाही, असा नियमही ऋषी घालून देतात. मृत्यूच्या न्यायाधीशाचा निकाल चुकला आणि एका माणसाने तो सुधारला, हे ग्रंथकाराने कोणतीही सारवासारव न करता लिहून ठेवले आहे.

२०/
कठोपनिषदात यम घरी नसताना नचिकेत तीन रात्री उपाशी राहतो. अतिथी उपाशी ठेवल्याचा दोष यम मान्य करतो आणि भरपाई म्हणून तीन वर देतो. सावित्री यमाला त्याच्याच शब्दांत पकडून नवरा सोडवून आणते. महाराष्ट्रातील स्त्रिया दरवर्षी ज्येष्ठ पौर्णिमेला वडाभोवती सूत गुंडाळतात ते याच गोष्टीची आठवण म्हणून. यमाला चूक कबूल करायला लावणारी, त्याला बोलण्यात हरवणारी पात्रे या परंपरेची पूज्य पात्रे आहेत.

२१/
मराठी मुलखात तर हे हसणे देवळाच्या अंगणातले आहे. दक्षिण कोकणात गावदेवतेच्या जत्रेत दशावतारी नाटक होते. त्याच्या पूर्वरंगात वेद पळवणारा संकासूर येतो, मालवणीत बोलतो, भटजीची फिरकी घेतो आणि अंगणभर हशा पिकतो. तमाशाच्या गवळणीत पेंद्या आणि मावशी प्रत्यक्ष कृष्णाची खेचतात. गणाने आरंभ करणारे कलावंतच गवळणीत देवाला कोपरखळी मारतात, आणि गण ऐकताना हात जोडणारा प्रेक्षकच गवळणीला टाळ्या वाजवतो.

२२/
मात्र येथे थांबले तर तो अर्धा इतिहास होईल. ‘पूर्वी सगळे चालायचे, कोणी रागावत नव्हते’ हे म्हणणेही तितकेच खोटे आहे. नाट्यशास्त्राच्या शेवटच्या भागात भरताच्या पुत्रांची कथा आहे. आपल्या कलेच्या मदात ते ऋषींची टवाळी करणारे खेळ करू लागले. ऋषी संतापले आणि त्यांनी शाप दिला की तुमचा वंश शूद्रवत होईल.

२३/
ही कथा नीट वाचली पाहिजे. त्यात दुखावले कोण? देव नव्हे. ज्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला ते ऋषी. त्याच ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात पहिल्या नाट्यप्रयोगावर दैत्य चिडतात, कारण त्यात त्यांचा पराभव दाखवला होता. तेव्हा ब्रह्मदेव त्यांना समजावतो की नाट्य कोणा एका पक्षाचे नसते, त्यात तिन्ही लोकांच्या भावांचे दर्शन असते. दोन्ही कथांत दुखावलेला पक्ष हा ज्याची थट्टा झाली तो समूह आहे.

२४/
आणि किंमत कोणी चुकवली? नटांनी. शापाची ही कथा नटवर्गाच्या हीन सामाजिक स्थानाचे समर्थनही करते. ‘पूर्वीचा समाज सहिष्णु होता’ असे उमाळ्याने सांगणाऱ्यांनी हेही सांगायला हवे की त्या समाजाने विनोद डोक्यावर घेतला आणि विनोद करणाऱ्याला पंगतीबाहेर बसवले.

२५/
मग भावना दुखावल्याचा फौजदारी गुन्हा आला कुठून? १८६० च्या भारतीय दंड संहितेत धर्मविषयक गुन्ह्यांचे स्वतंत्र प्रकरण होते. ‘रंगीला रसूल’ या लाहोरमधील पुस्तिकेच्या खटल्यात उच्च न्यायालयाने प्रकाशकाला १९२७ साली निर्दोष ठरवले, क्षोभ उसळला, आणि त्याच वर्षी कलम २९५-अ अस्तित्वात आले. निर्दोष ठरलेल्या त्या प्रकाशकाची १९२९ साली हत्या झाली. १ जुलै २०२४ पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत २९९ या क्रमांकाने आहे.

२६/
म्हणजे ‘आपल्या प्राचीन परंपरेचे रक्षण’ म्हणून ज्या कलमाचा आज आधार घेतला जातो ते वसाहतकालीन विधिमंडळाने शांतता-सुव्यवस्थेच्या चिंतेतून केलेले आहे. त्याची भाषाही पाहण्यासारखी आहे. त्यात देवाचा अपमान हा गुन्हा नाही. नागरिकांच्या एखाद्या वर्गाच्या धार्मिक भावना हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने दुखावणे हा गुन्हा आहे. १९५७ साली रामजी लाल मोदी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम वैध ठरवतानाच, सहज किंवा नकळत झालेला अपमान त्यात बसत नाही, असे स्पष्ट केले.

२७/
तेव्हा ‘ईश्वरनिंदा’ हा शब्द भारतातील या वादात मुळातच दिशाभूल करणारा आहे. कायद्याला ईश्वर हा तक्रारदार ठाऊक नाही. तक्रारदार नेहमी माणूसच असतो, आणि म्हणून त्याच्या तक्रारीची छाननी माणसाच्या तक्रारीसारखीच व्हायला हवी : हेतू कोणता होता, रोख कोणावर होता, इजा कोणाला झाली. देवाच्या वतीने रागावण्याचा मुखत्यारनामा कोणाकडेच नाही.

२८/
हीच छाननी विनोदकारांनाही लागू आहे. वरच्या कथा पुन्हा पाहाव्यात. लुशियनच्या कथेत तत्त्वज्ञ वाचतो, लोहार मरतो. ऑगस्टीनच्या कथेत नगरसभासद वाचतो, लोहार मरतो. ग्रेगरीच्या कथेत प्रतिष्ठित गृहस्थ वाचतो, पुन्हा लोहारच मरतो. भारतीय प्रसंगात विद्यार्थी वाचतो, माळी मरतो. दूताची चूक दुरुस्त होते ती अशी.

२९/
परतलेल्याची गोष्ट नोंदवली जाते, कारण त्याला ऐकणारे कोणी असते. लोहाराला आणि माळ्याला विचारायला कोणी जात नाही. या कथांत काही खटकायचेच असेल तर हे खटकायला हवे. यमाच्या वहीची थट्टा झाली म्हणून आरडाओरडा करणाऱ्यांना शतकानुशतके मरत आलेला हा लोहार दिसत नाही. आणि यमाच्या नावाने हसवणाऱ्या पुष्कळांनाही तो दिसलेला नाही. ‘मत्तविलास’ लिहिणारा राजा कापालिक, बौद्ध आणि पाशुपतांना हसतो. राजसत्तेला हसणारे प्रहसन त्याने लिहिले नाही.

३०/
म्हणून विनोदाची कसोटी देवाचे नाव त्यात आले की नाही, ही असू शकत नाही. हशा कोणाच्या अंगावर पडतो, ही आहे. अणीमांडव्याचा प्रश्न सत्तेवर पडतो. संकासुराची फिरकी भटजीच्या मोठेपणावर पडते. वसंतसेनेची अदलाबदल योग्याच्या अहंकारावर आणि यमाच्या कारभारावर पडते. हे हसणे परंपरेचे आहे, आणि ते राखण्यासारखे आहे. दुबळ्याच्या श्रद्धेला ठोकरून मिळवलेला हशा मात्र धर्मनिंदा नसला तरी क्षुद्र असतो; त्याला उत्तर द्यावे ते टीकेने, पोलिसांकरवी नव्हे.

३१/
शेवटी मरणाच्या दारातून परतणाऱ्यांविषयी. त्या अनुभवांचे कारण मेंदूत शोधावे की परलोकात, हा निराळा वाद आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्यांची साक्ष एका गोष्टीबाबत मोलाची आहे : देहाचा भरवसा सुटलेल्या क्षणी या देशातील माणसांच्या मनाने जो यम उभा केला, तो वही चाळणारा, दूतांवर खेकसणारा, बागेची काळजी करणारा आणि चूक उघडकीला आल्यावर माणसाला घरी पाठवणारा यम होता. ज्याच्या दारात शेवटचा श्वास अडकला होता त्यालाही हा यम असा दिसतो. मग जत्रेच्या अंगणात बसून त्याला हसणाऱ्यावर रागावण्याचा अधिकार कोणाला?

(धागा समाप्त)